सायलेन्सर लावू की नको?

धाड धाड धाड धाड!

काकूच्या हातातला चकलीचा सोऱ्या जागच्या जागी थांबला. "काय करलालास रं तिकडं? सणासुदीचा काय गोळीबार लावलास!" माडीवरून उत्तर नाही. पुन्हा धाड धाड, मग एक ‘अर्रर्र’, मग शांतता. थोरला मेला होता. सकाळपासून तिसऱ्यांदा.

दिवाळीचे चार दिवस निलंग्याला होते. लातूरहून खाली उतरलं की कर्नाटकची हद्द लागायच्या आत आमचं गाव. ‘निलंगा राईस’ची पाटी तुम्ही कुठेतरी वाचली असेल, तर तेच ते निलंगा! काकांना दोन मुलं. थोरला चोवीस वर्षांचा, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. धाकटी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. नावं छापायची नाहीत अशी तंबी मिळाली आहे, त्यामुळे इथे थोरला आणि धाकटीच.

तर धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मोबाइल आडवा, एक इयरफोन कानात, दुसरा गळ्यात लोंबतोय. आवाज शून्य. मला वाटलं रील्स बघतेय. वाकून पाहिलं तर बाईसाहेब त्याच गेममध्ये! शंभरातले अकरा उरलेले आणि ही एका झाडामागे गवतात आडवी पडलेली. पाच किल्स नावावर.

"तुला कुणी मारलं कसं नाही गं?"

"मी हाय हे कुणाला म्हाईतच न्हाई की ताई."

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी (माहीत असलेल्यांनी चहा टाकून या). गेमचं नाव बीजीएमआय. म्हणजे आपला जुना पबजी, नवा शर्ट घालून आलेला. मार्च २०१८ मध्ये मोबाइलवर आला, २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅप्ससोबत बंद केला, जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने परत, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. आमच्याकडच्या लाइटीसारखंच म्हणायचं. शंभर जण विमानातून बेटावर उड्या मारतात, घराघरांतून बंदुका गोळा करतात, खेळायची जागा आक्रसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो.

थोरल्याची पद्धत साधी. उडी मारायची ती थेट पोचिंकीत, जिथे सगळं गाव उतरतं. हाताला लागेल ती एकेएम उचलायची आणि दिसेल त्यावर रिकामी करायची. जगला तर दहा किल्स, मेला तर पुढची मॅच. त्याचं दैवत म्हणजे गोव्याचा जोनाथन अमराल, ज्याचा स्प्रे बघायला पोरं रात्र रात्र जागतात. धाकटीची पद्धत बरोब्बर उलटी. कडेला उतरायचं, एम४१६ शोधायची, तिच्या तोंडाला सप्रेसर लावायचा आणि गवत व्हायचं.

आता इथे गंमत आहे, जी मला स्वतःला कित्येक महिने कळलेली नव्हती. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी जोडणी लावायला जागा एकच असते. तिथे एक तर सप्रेसर बसेल, नाही तर कॉम्पेन्सेटर. सप्रेसरने आवाज दबतो, नळीच्या तोंडाशी उडणारा जाळ लपतो आणि समोरच्याच्या छोट्या मॅपवर गोळीबाराची जी खूण उमटते ती लांबून उमटत नाही. कॉम्पेन्सेटरने आवाज तेवढाच राहतो, पण बंदुकीची उसळी आवरते. सलग गोळ्या सोडल्या की नळी आभाळाकडे पळते ना, ती जागेवर राहते. म्हणजे लपायचं असेल तर नेम थोडा सोडा, नेम हवा असेल तर पत्ता जाहीर करा. दोन्ही एकदम मिळत नाही. मधला मार्ग म्हणून फ्लॅश हायडर आहे, जाळ लपवतो आणि उसळीही थोडी कमी करतो. पण आवाज आहे तस्साच. मी स्वतः बरेच दिवस तोच लावून फिरायचे. निर्णय घ्यायचा नसला की माणूस फ्लॅश हायडर लावतो.

आणि सप्रेसर लावला म्हणजे अदृश्य झालो, हाही गैरसमजच. ज्याच्या कानाजवळून गोळी जाते त्याला तिचा सटाका ऐकू येतोच. खऱ्या बंदुकीचंही हेच आहे. एकेएमची गोळी सेकंदाला साधारण ७१५ मीटर जाते, आवाज साधारण ३४० मीटर. गोळी आवाजाला मागे टाकून पुढे जाते तेव्हा हवेतच चाबूक वाजतो, तो कुठलीही नळकांडी दाबू शकत नाही. सिनेमातला तो ‘पुस्स’ आवाज सिनेमातच. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. गरम वायू एकदम बाहेर सोडायचा नाही, आतल्या कप्प्यांतून फिरवून थंड करत सोडायचा. गाडीच्या सायलेन्सरचं तत्त्वही हेच. आता आपल्याकडची पोरं बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवतात, आणि मोबाइल हातात घेतला की बंदुकीला सायलेन्सर शोधत बसतात! थोरल्याला हे सांगितलं तर म्हणाला, "बुलेटला कोण मारायलंय ताई?" मुद्दा बरोबर आहे.

मी मुळात सप्रेसरवाली. दोष आमच्या कॉम्प्युटर क्लासचा. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत टायपिंग शिकायला पाठवलं होतं आणि सरांची पाठ वळली की सगळ्या मशीनवर एकच गेम सुरू व्हायचा, आयजीआय! २००० सालचा गेम. आमच्यापर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली, पण क्लासच्या खटारा मशीनवर तो लोण्यासारखा चालायचा. चौदा मिशन्स, एकटा डेव्हिड जोन्स आणि समोर अख्खा तळ. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. शेवटच्या शिडीवर मेलात तरी पहिल्या कुंपणापासून सुरुवात. एके-४७ धडाडली की एखादा गार्ड धावत जाऊन अलार्म दाबायचा आणि बराकीतून माणसं निघत राहायची. त्यामुळे आवाज न करणारी एमपी५ हातात आली की आम्ही तिला सोडत नसू. कॅमेरे आधी बंद करा, एकेकाला गाठा, आणि चालताना श्वाससुद्धा बेताने घ्या. शेजारच्या मशीनवरचा मुलगा मात्र अलार्म मुद्दाम वाजवायचा. कोपऱ्यात उभं राहायचं, येतील तसे टिपायचे. मला तो वेडा वाटायचा. आता वाटतं, गार्ड कुठून येणार हे त्याला माहीत असायचं. मला कधीच माहीत नसायचं.

कॉलेजात आल्यावर हॉस्टेलच्या लॅनवर काउंटर-स्ट्राइक. तिथेही तेच. १.६ मध्ये एम४ला राइट क्लिकने सायलेन्सर चढायचा, एकेला चढायचाच नाही. शिफ्ट दाबून चाललं की पावलं वाजायची नाहीत. मी अख्खा राउंड शिफ्टवर बोट ठेवून चालायचे. माझी टीम मरून जायची, बॉम्ब लागायचा, आणि मी अजून तशीच हळूहळू चालतेय!

हे सगळं दुपारच्या जेवणाला सांगत होते, तर थोरला म्हणाला, "धाकटी कॅम्पर हाय. लपून मारती. ह्याला काय खेळणं म्हनत्यात?" मी म्हटलं, गनिमी कावा म्हणतात. आपल्याच मातीतला आहे.

झालं! काका निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला.

"गनिमी कावा म्हणजे गप बसणं, असं कुणी सांगितलं तुला?" त्यांनी लाल महालच काढला. ५ एप्रिल १६६३ ची रात्र. महाराज मोजकी माणसं घेऊन शायिस्तेखानाच्या मुक्कामात शिरले. शिरताना चिडीचूप, हे खरं. पण एकदा आत गेल्यावर? खाफीखान लिहितो की मराठ्यांची काही माणसं नगारखान्यात गेली आणि खानाचाच हुकूम आहे असं सांगून त्यांनी नगारे वाजवायला लावले. असा गदारोळ उठला की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. "आता हे तुमचं ते सायलेन्सर म्हणायचं का आवाज?" काकांनी विचारलं.

मी गप्प. धाकटी मात्र लगेच म्हणाली, "रेड झोन!" गेममध्ये मधूनच बेटाच्या एका तुकड्यावर आभाळातून बॉम्ब पडतात, त्याला रेड झोन म्हणतात. नवखे घरात लपतात. धाकटी तेवढ्यात बाहेर पळते, कारण त्या धडधडाटात पावलं कुणालाच ऐकू येत नाहीत. शेजारी दोन टीमची जुंपली असेल तर तीच वेळ जागा बदलायची. दुसऱ्याच्या आवाजाचा सप्रेसर.

मग काका उदगीरवर आले. ते येणारच होते, उदगीर आमच्याच जिल्ह्यात. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिथे निजामाला नमवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या जोरावर. उघड, धडधडीत, समोरासमोर. आणि वर्षभरात तेच भाऊ, तोच गारदी, त्याच तोफा पानिपतावर. सूरजमल आणि मल्हारराव होळकरांचं म्हणणं होतं की जडशीळ लवाजमा मागे ठेवा आणि हलक्या फौजेने गनिमी लढाई करा. भाऊंनी तोफांचा भरवसा धरला. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते सांगायला नको. थोरला म्हणाला, म्हणजे धाकटीचंच बरोबर? काका म्हणाले, उदगीरला गारद्याचं बरोबर होतं. मग त्यांनी घास उचलला आणि वरण मागितलं.

पण खरी गोष्ट मला संध्याकाळी कळली. धाकटीकडे तिचा फोन मागितला, म्हटलं एक मॅच मला दे. दोन्ही इयरफोन कानात घातले तर डावा मेलेला. "तो दिवाळीच्या आधीपासनं बंद हाय. तसा चालू व्हता तवाबी एकच घालायची मी. आईनं हाक मारल्यावर ओ नको का द्यायला?"

जरा थांबून विचार करा. हे गेम कानांनी खेळायचे असतात. पावलं डावीकडून येतात की उजवीकडून, हे दोन कानांत मिळणाऱ्या आवाजाच्या फरकावरून कळतं. एका कानाने कुणीतरी आहे इतकंच समजतं, कुठे आहे ते नाही. पुण्यातल्या माझ्या मित्राकडे कान झाकणारा जाडजूड हेडसेट आहे, स्वतःची खोली आहे, दाराला कडी आहे. तो जेव्हा "स्टेल्थ इज स्किल, यार" म्हणतो तेव्हा त्याच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा होत नसते. थोरला दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनच्या स्पीकरवर खेळतो. समोर रस्ता, रस्त्यावर ट्रॅक्टर, शेजारी डीजेचं गोदाम. त्याला पावलं ऐकू येणारच नसतात. मग त्याने पोचिंकीत उतरून समोर दिसेल त्यावर तुटून पडणं हा उतावळेपणा आहे की त्याच्याकडे जे आहे त्यात केलेला हिशेब? मी इतकी वर्षं अशा पोरांना ‘रशर’ म्हणून नाकं मुरडत आलेय. शांतता परवडावी लागते, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि धाकटीचा दुसरा सप्रेसर. तिचा माइक कायम बंद! गेममधलं नाव एका पक्ष्याचं, ज्यावरून मुलगा की मुलगी काही कळू नये. टीममध्ये अनोळखी दोघं असतात. बोलायचं झालं तर ती थोरल्याच्या कानाशी कुजबुजते आणि तो माइकवर ओरडतो, "झाडामागं हाय! लेफ्टला!" त्याला स्वतःला तो झाडामागचा दिसलेलाही नसतो. अनोळखी टीममेट्स थोरल्याला म्हणतात, भाऊ तुझी नजर भारी आहे. थोरला थँक्यू म्हणतो. (लाज नाही.)

का बंद, हे मी विचारलं नाही. हॉस्टेलच्या लॅनवर माझंही नाव मुलाचंच होतं. आवाज ऐकला की पुढची दहा मिनिटं गेम राहत नाही, मुलाखत होते. नाव काय, गाव कुठलं, खरंच मुलगी आहेस की भावाचा फोन आहे, तू मागे थांब आम्ही आहोत. या दुनियेत माइक म्हणजे पत्ताच.

लक्ष्मीपूजनाची रात्र. गल्लीभर रेड झोन. सुतळी बॉम्ब फुटला की धाकटी वैतागायची, कारण तिच्या एकुलत्या कानातली पावलं त्यात बुडून जायची. थोरला नेहमीप्रमाणे पोचिंकीत शहीद होऊन भुईचक्र लावायला खाली पळाला होता. म्हणजे लाउडस्पीकर गेला. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. सहा जण उरले. आपली धाकटी आणि दोन अनोळखी, समोर तिघं. धाकटी उतारावर आडवी. खाली मोठा दगड, दगडामागे दोघं, त्यातल्या एकाला तिने नुकतंच खाली पाडलेलं. त्याचा साथीदार त्याला उठवायला बसला. उठवायला दहा सेकंद लागतात. हीच वेळ.

तिने मॅपवर खूण केली. कुणी बघितलं नाही. तयार मेसेजचं बटण दाबलं, गेममधल्या त्या यांत्रिक आवाजाने शत्रू पुढे असल्याचं सांगितलं. कुणी हललं नाही.

आणि तिने माइक चालू केला. "दगडामागं दोघं. एक पडलाय, दुसरा उठवायलाय. मी वरून मारते, तुम्ही डावीकडून या."

दोन सेकंद काहीच नाही. मग एक आवाज, "अरे, लडकी है क्या?" दुसरा हसला. म्हणाला, "बोल ना अजून काहीतरी."

दहा सेकंद संपली. पडलेला उठला. धाकटीने गोळ्या सोडल्या. पहिल्या चार-पाच बसल्या, मग सप्रेसर लावलेली एम४१६ वर सरकली आणि बाकीच्या दगडाच्या डोक्यावरून गेल्या. कॉम्पेन्सेटर तिच्या पिशवीत पडून होता, हे तिनेच नंतर सांगितलं. तिसऱ्याने तिला बाजूने टिपलं. मागोमाग त्या दोघांनाही. नंबर दोन!

मी असते तर फोन आपटला असता. आपटला नसता खरं तर. मी मनातल्या मनात आपटला असता. माझं एक मानधन आठ महिने अडकलं होतं तेव्हा मी ‘जेंटल रिमाइंडर’ असं लिहिलेले अकरा मेल पाठवले होते, प्रत्येकाला शेवटी स्माइली. सप्रेसर लावून मारलेल्या अकरा गोळ्या, कुणाला ऐकूही गेल्या नाहीत. बारावा मेल सगळ्यांना सीसी करून, स्माइलीविना. तीन दिवसांत चेक.

थोरला वर आला, हाताला दारूचा वास. "काय झालं? मी असतो तर—"

"तू पोचिंकीत मेलास," धाकटी म्हणाली. आणि पुढची मॅच लावली.

या वेळी ती कडेला उतरली नाही, पोचिंकीतही नाही. मधल्या एका लहान वस्तीत. सप्रेसर सापडला, तिने उचलून पिशवीत टाकला. बंदुकीला कॉम्पेन्सेटर. "शेवटी लावीन," म्हणाली, "सर्कल लहान झाल्यावर. तवर कुणी आलं तर येऊ द्या, दिसल तरी कुठनं येतंय ते." माइक चालू. सुरुवातीलाच पलीकडून कुणीतरी विचारलं, लडकी हो? ती म्हणाली, "हो. उजव्या घरात हेल्मेट आहे, घे." पुढे त्याने काही विचारलं नाही. हेल्मेट घेतलं.

त्या मॅचमध्ये ते नववे आले. फार काही नाही. पण तीनदा मी तिला मोठ्यांदा ओरडताना ऐकलं, आणि तिसऱ्यांदा खालून काकूचा आवाज आला, "आता ही बी सुरू झाली का!"

मी पुण्याला परतले. परवा धाकटीचा मेसेज होता. हेडफोन पाठवते म्हणाले होते, त्याचं काय झालं. मी म्हटलं, ब्लूटूथचा बघते छानसा, वायरचा गुंता नको. लगेच उत्तर आलं, "ताई, वायरवालाच पाठव. ब्लूटूथला पावलं उशिरा ऐकू येतात. आणि माइक चांगला बघ."